'मी फक्त साक्षी', हे नेमकं कोण म्हणतंय?

एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, सार असं: 'तुम्ही शरीर नाही, मन नाही, तुम्ही केवळ साक्षी आहात. कर्म करतं ते शरीर-मन. साक्षीला कर्म लागत नाही. म्हणून झाल्या गोष्टीची खंत करू नका. जे घडलं ते प्रारब्धानं घडायचंच होतं. दुसऱ्याच्या दुःखातही पडू नका. तो त्याच्या कर्माचा हिशेब आहे, मध्ये पडलात तर त्याचं कर्म तुमच्या वाट्याला येईल.' आणि शेवटी, हेच वेदान्ताचं सार.

मी हा मजकूर वाचण्याआधी ऐकला. दीर्घ आजारानं खंगलेल्या एका माणसाच्या उशाशी, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, भेटायला आलेल्या एकानं तो बोलून दाखवला होता. अंथरुणावरच्या माणसानं तोंड भिंतीकडे वळवलं. ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

पहिलं विधान अर्धं खरं आहे. साक्षीला कर्म चिकटत नाही, हे शास्त्र म्हणतंच. मुंडक उपनिषदात (3.1.1) एकाच झाडावर दोन पक्षी आहेत, एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. सांख्य दर्शनाच्या सांख्यकारिका या ग्रंथात पुरुषाची, म्हणजे आत्म्याची, लक्षणं सांगताना साक्षित्व आणि अकर्तृभाव (कर्ता नसणं) एकाच श्लोकात बसवले आहेत. इथवर वाद नाही. वाद पुढच्या उडीबद्दल आहे: 'साक्षीला लागत नाही, म्हणून मला लागत नाही.' यातला 'मी' कोण? ज्याला कोणी जाब विचारला आहे आणि ज्याला त्यातून सुटायचं आहे, तो. पाहणाऱ्या पक्ष्याला तर कोणी काही विचारलेलंच नाही. सुटका हवी आहे ती फळ खाणाऱ्याला, आणि त्यासाठी तो दुसऱ्या पक्ष्याचं नाव सांगतो आहे.

पंचदशी या अद्वैत वेदान्तावरच्या ग्रंथाच्या नाटकदीप प्रकरणात विद्यारण्यांनी हे फार नेमकं मांडलं आहे. नाट्यशाळेतला दिवा यजमानाला, प्रेक्षकांना आणि नर्तकीला सारखाच उजळतो. सगळे उठून गेले तरी तो तेवतच राहतो. अहंकार हा यजमान, विषय हे प्रेक्षक, बुद्धी ही नर्तकी आणि साक्षी हा दिवा. नाच बिघडला तर दिव्याला काही खुलासा करावा लागत नाही. 'माझा या नाचाशी संबंध नाही' असं जो घाईघाईनं सांगतो, तो यजमानच असतो.

वेदान्ताचा पायाभूत ग्रंथ असलेली ब्रह्मसूत्रं तर आधी ठामपणे जीवाला कर्ता म्हणतात (2.3.33). कारण साधं आहे: करणारा कोणी नसेल, तर 'हे कर, ते करू नको' असं शास्त्रानं सांगायचं कोणाला? पुढे सुताराचा दाखला येतो (2.3.40). शंकराचार्य त्याचा उलगडा असा करतात, की हातात वाकस (लाकूड तासायचं हत्यार) असेपर्यंत सुतार कर्ता आहे आणि कष्टीही आहे. हत्यारं खाली ठेवून घरी आला की तो निवांत. कर्तेपण उपाधीमुळे, म्हणजे शरीर-मनाच्या जोडणीमुळे आहे, आत्म्याचं मूळ रूप ते नाही, हा अद्वैताचा सिद्धान्त. पण हत्यार हातात धरून, लाकडावर घाव घालता घालताच 'मी तर घरी बसलोय' म्हणायची मुभा त्यातून मिळत नाही.

या वादात गीतेचा अठरावा अध्याय हटकून पुढे केला जातो: ज्याला अहंकृत, म्हणजे 'मी करतो' असा, भाव नाही, ज्याची बुद्धी लिप्त होत नाही, तो मारूनही मारत नाही (18.17). या श्लोकात दोन अटी आहेत आणि फिरणाऱ्या मजकुरात त्या दोन्ही गळाल्या आहेत. श्लोक वर्णन करतो ते अहंकार गेलेल्याचं. जो अजून अपमानानं पेटतो, कौतुकानं फुलतो, त्यानं हे वाक्य स्वतःला लावून घेणं म्हणजे दुसऱ्याच्या नावाची सनद खिशात घालून फिरणं.

आता जे या मजकुरात मुळीच नाही, त्याकडे येतो. मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. साक्षी म्हणजे मुळात ग्वाही देणारा. आपल्या परंपरेत आतला साक्षी सुटकेसाठी जितका आला आहे, तितकाच जबाबदारीसाठीही. महाभारताच्या आदिपर्वातली शकुंतला आठवा. कालिदासाच्या नाटकातली अंगठी तिथे नाही, शापही नाही. दुष्यंताला सगळं आठवतंय, तरी तो भर सभेत 'मला आठवत नाही' म्हणतो. मुलाला घेऊन उभी असलेली शकुंतला त्याला सांगते, की मी एकटाच आहे असं तू समजतोस, पण तुझ्या हृदयात वसणारा तो पुराण मुनी तुला ठाऊक नाही. पापकर्म जाणणारा तो आहे, आणि त्याच्याच जवळ उभा राहून तू हे पाप करतो आहेस. अंतर्साक्षीची इतकी थेट, इतकी जिवंत मांडणी मला दुसरीकडे क्वचितच दिसली आहे. जिचं ऐकायला सभेत कोणी नाही, ती बाई राजाच्याच आतला साक्षीदार बोलावते. आणि आपण त्याच साक्षीला गप्प बसण्याच्या अटीवर आरोपीच्या बाजूनं उभं करतो! श्वेताश्वतर उपनिषदात (6.11) तर 'कर्माध्यक्ष' (कर्मांवर देखरेख ठेवणारा) आणि 'साक्षी' ही दोन्ही विशेषणं एकाच मंत्रात त्या एकाच देवाला लावली आहेत. तुकोबांनी 'सत्य असत्यासी मन केलें ग्वाही' म्हटलं, तेव्हा तेही याच साक्षीच्या बळावर बहुमताविरुद्ध उभे होते.

दुसरं विधान, खंत करू नका. याला एकच मंत्र पुरेसा आहे. बृहदारण्यकात (4.4.22) ज्ञान्याबद्दल सांगितलं आहे, की 'मी पाप केलं' आणि 'मी पुण्य केलं' हे दोन्ही विचार तो ओलांडून जातो. दोन्ही, एकदम. ज्याची खंत गेली पण अभिमान शाबूत राहिला, त्याचं काहीच ओलांडून झालेलं नाही. हां, चुकीच्या आठवणीनं स्वतःला वर्षानुवर्षं सोलत बसणं हाही कर्तेपणाचाच एक हट्ट आहे, हे मला मान्य आहे. पण त्यावरचा उपाय चूक कबूल करून ती निस्तरणं हा आहे. चूक कोणी केलीच नाही, असं म्हणणं नव्हे.

तिसरं, प्रारब्धानं घडायचंच होतं. इथे शब्दांची सरमिसळ आहे. परंपरा कर्माचे तीन भाग करते: साठलेलं संचित, त्यातून फळ द्यायला लागलेलं प्रारब्ध, आणि आत्ता हातून होणारं क्रियमाण. भात्यातला बाण, सुटलेला बाण आणि हातातला बाण, हा त्याचा ठरलेला दृष्टान्त. सुटलेला बाण परत बोलावता येत नाही, एवढंच प्रारब्धाबद्दल म्हणणं आहे. हातातल्या बाणाचा नेम अजून आपला आहे. योगसूत्रं कर्माचा विपाक, म्हणजे फळ, तीन रूपांत सांगतात: जन्म, आयुष्य आणि भोग (2.13). 'तू आज खोटं बोलशील' हे त्या यादीत नाही. उलट तीनच सूत्रांनंतर 'हेयं दुःखमनागतम्' येतं: जे दुःख अजून आलेलं नाही, ते टाळायचं. सगळं ठरलेलंच असतं, तर या सूत्राला अर्थच उरला नसता. गीताही कर्म घडण्याची पाच कारणं मोजते (18.14): अधिष्ठान (शरीर), कर्ता, करणं (इंद्रियांसारखी साधनं), निरनिराळ्या चेष्टा (हालचाली), आणि दैव पाचवं. त्या पाचव्याला उचलून एकटंच गादीवर बसवण्याचा हा प्रकार आहे.

राहिलं शेवटचं विधान, ज्यानं त्या खोलीत एका माणसाला भिंतीकडे वळायला लावलं. दुसऱ्याचं दुःख हा त्याचा हिशेब, तुम्ही पडू नका. क्षणभर धरून चालू, की त्याचं दुःख त्याच्या पूर्वकर्मांचं फळ आहे. मग त्यानं मदत मागितल्यावर मी वळवलेली मान कोणाचं कर्म? ते तर ताजं, माझं, क्रियमाण. योगसूत्रांत चित्त निर्मळ होण्याचा मार्ग सांगितला आहे (1.33): सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता (आनंद), आणि उपेक्षा करायचीच तर अपुण्याची. उपेक्षा दुःखाच्या खात्यातून स्पष्टपणे बाहेर ठेवलेली आहे. फिरणाऱ्या मजकुरानं ती नेमकी तिथेच नेऊन बसवली.

आणि मदत केल्यानं त्याचं कर्म आपल्याला चिकटतं, हे तर कर्मसिद्धान्ताच्याच विरुद्ध आहे. केलेल्याचं फळ वाया जाणं आणि न केलेल्याचं फळ पदरी येणं, कृतनाश आणि अकृताभ्यागम, हे आपल्या दर्शनांनी दोष म्हणून नोंदवले आहेत. ज्यात ते येतात ते मत टाकाऊ ठरतं. स्वतःचं पुण्य दुसऱ्याला देऊन टाकल्याच्या कथा पुराणांत जरूर आहेत, पण त्या देणाऱ्याच्या मोठेपणाच्या आहेत. भीतीनं हात आखडून घेणाऱ्याची थोरवी गाणारी कथा मला तरी माहीत नाही.

महाभारताच्या अगदी शेवटी, स्वर्गारोहणपर्वात, युधिष्ठिराला नरक दाखवायला नेतात. दुर्गंधीनं गुदमरून तो परत फिरतो, तेवढ्यात अंधारातून आवाज येतात: क्षणभर थांब, तू आल्यापासून वारा सुगंधी झाला आहे, आम्हाला बरं वाटतंय. ते आवाज कोणाचे, हे त्याला अजून कळलेलं नसतं. नरकातले आहेत, म्हणजे आपल्याच कर्मानं तिथे आले असणार, एवढं तरी तो धर्मराज जाणत होताच. तरी तो जागच्या जागी थांबतो. मग ते आपलेच भाऊ आहेत, द्रौपदी आहे, कर्ण आहे, असं समजतं, आणि तो सोबतच्या देवदूताला सांगतो, तू जा, मी इथेच राहतो, माझ्या असण्यानं यांना आराम पडतोय.