खुलासा: उपग्रह बांधावरची बाभूळ तोलत नाही

सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘निसार उपग्रह प्रत्येक झाडाचं वजन करतो, बांधावरचं झाड तोडलं की लगेच कळतं.’ तसं नाही.

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार हा इस्रो-नासाचा उपग्रह रडारलहरी सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतो. त्याची सुमारे २४ सेंटिमीटरची लहर पानांतून बरीचशी आत जाते, फांद्या-खोडांवर आपटून परतते. त्यावरून जैवभाराचा, म्हणजे झाडोऱ्याच्या वजनाचा, अंदाज बांधतात. तोही एकेका झाडाचा नव्हे, हेक्टरमागे किती टन असा. त्यासाठी आधी कुणीतरी रानात टेप घेऊन, छातीच्या उंचीवर खोडांचा घेर मोजलेला लागतोच.

हेक्टरी साधारण १०० टनांपुढे, म्हणजे दाट झाडीत, ही लहर गोंधळते; भार आणखी वाढला तरी फरक कळत नाही. आपल्याकडची अडचण उलटी. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर हिवर, बोर, बाभळी विरळ. प्रतिध्वनीत झाडांपेक्षा मधली जमीनच जास्त बोलते. त्यात एक वळीव पडला की ओल्या काळ्या मातीचा प्रतिध्वनी वाढतो. हिशेबात ओल धरली नाही, तर रातोरात झाडी वाढल्यासारखं दिसेल!

उपग्रह त्याच जागेवर १२ दिवसांनी परत येतो. मग ‘लगेच’ कुठून कळणार? तोडीच्या परवानगीचे नियम मात्र आहेत तसेच आहेत.