राजघराण्यालाही टोल

"महाराजांच्या गडावर तिकीट? लाज वाटली पाहिजे!" मामेभावाने घरच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली भगव्या झेंड्यांची रांग लागली. २०२५ मध्ये रायगडासह बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हा याच मंडळींनी पेढ्यांचे फोटो टाकले होते. गडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीला रोपवेचं तिकीट मात्र सगळे निमूट काढतात. पाय दुखू नयेत म्हणून दिलेले पैसे चालतात, भिंत ढासळू नये म्हणून मागितले की अस्मिता दुखावते.

मी इंग्लंडात, श्रॉपशरमध्ये, टेलफर्डला राहते. खाली सेव्हर्न नदीच्या घळीत १७७९ सालचा लोखंडी पूल आहे, ओतीव लोखंडाचा जगातला पहिला मोठा पूल. जवळून बघितला की गंमत वाटते. लोखंड जोडायचं कसं हे तेव्हा कुणाला धड ठाऊक नव्हतं, म्हणून सुतार लाकडाला लाकूड अडकवतो तसेच खाचेत खुंटी बसवून सांधे केलेत. २०१८ मध्ये इंग्लिश हेरिटेज या वारसा जपणाऱ्या संस्थेने दुरुस्ती करून त्याला मूळचा तांबूस रंग परत दिला. रंगाला पैसे लागतात, दादा.

पुलाच्या टोकाशी टोलनाक्याचं घर आहे. तिथल्या दरफलकावर लिहिलंय की सैनिक ड्यूटीवर असो-नसो, टपालगाडी असो की राजघराणं, टोल सगळ्यांना. फलकाचा फोटो मी लगेच ग्रुपवर टाकला. तो टोल १९५० मध्ये बंद झाला आणि आता पूल फुकट ओलांडता येतो, हे नाही सांगितलं. वकिलाने विरुद्ध पक्षाची बाजू का मांडावी?

शिवाय जवळच्या ब्लिस्ट्स हिलला, म्हणजे व्हिक्टोरियन गावासारख्या उभारलेल्या संग्रहालयाला, तिकीट आहेच, आणि चांगलं सणसणीत. तिथल्या बँकेत पौंड देऊन जुनी नाणी घ्यायची नि त्यांवर चिप्स खायच्या. माझी मुलं खूश असतात. गडावरच्या वाड्यांच्या दगडी ओट्यावर उन्हात बसून ताक पिणारी मी, त्या खोट्या व्हिक्टोरियन गल्लीत जरा अवघडते. पण वारसा सांभाळायची त्यांची शिस्त आपल्याकडे नाही, हे म्हणायला मला आवडतं. कुणी पाहुणा आला की १७०९ मध्ये अब्राहम डार्बीने दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड कसं वितळवलं ते मी असं सांगते, जणू भट्टी आमच्या परसात होती.

महाडबद्दल असं कोण सांगतं? रायगडाच्या गाड्या चवदार तळ्याकडे वळतात तरी का? २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथलं पाणी ओंजळीत घेतलं. ग्रुपवर मी हेही लिहिलं. त्यावर एकही झेंडा आला नाही.

मग मामेभावाचा मेसेज आला, "तू ये तर खरी. पाहुण्यांचं तिकीट आम्ही काढू."

पाहुणी? महाडला सावित्री नदीचं पाणी घरात शिरलं की माळ्यावर भांडी मीच चढवायचे. माझं तिकीट मी काढीन म्हणावं.