व्हेंटिलेटर काढायचा कुणी?

पेशंट आता यातून उठणार नाही हे आयसीयूतल्या डॉक्टरांना कळलेलं असतं, बाहेर बाकावर बसलेल्या घरच्यांनाही कळलेलं असतं. पण व्हेंटिलेटर काढू या असं तोंडातून कोण काढणार? मग 'डामा' (डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल अ‍ॅडव्हाइस) निघतो. 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर पेशंट नेत आहोत' या कागदावर मुलगा सही करतो. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये कुणीतरी हाताने श्वास द्यायची अंबू बॅग दाबत बसतो आणि घरी पोचल्यावर नळी निघते. खरं तर 'घरी न्या' हे डॉक्टरांनीच दबक्या आवाजात सुचवलेलं असतं!

एवढं नाटक कशाला, तर उद्या पोलीस केस नको.

पण कायदा कधीच पुढे गेलाय. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये 1973 पासून अचेत पडून असलेल्या नर्स अरुणा शानबाग यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2011 साली उपचार थांबवायला वाट करून दिली, तीही दर वेळी हायकोर्टाची परवानगी घेऊन. घरात माणूस शेवटच्या घटका मोजतोय आणि आपण वकील शोधतोय, हे कुणाला जमणार? 2018 मध्ये लिव्हिंग विलला, म्हणजे 'शेवटी मला नुसतं यंत्रांवर जगवू नका' असं आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला, मान्यता मिळाली, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी होती. 2023 मध्ये तीही अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. विल नसलं तरी नातेवाइकांच्या संमतीने हॉस्पिटलची दोन वैद्यकीय मंडळं निर्णय घेऊ शकतात, प्रत्येकी तीन डॉक्टरांची, शक्यतो 48 तासांत. अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्याला फक्त कळवायचं.

मला हे पटतं. जमिनीवर डोळा ठेवून बापाचा ऑक्सिजन काढायला निघालेला मुलगा आपल्याकडे काल्पनिक नाही, म्हणून दुसरं मंडळ हवंच. पण माणूस वाचेल का, हे न्यायाधीशाने ठरवू नये.

तरी कागदावरचं वॉर्डात उतरायला पुन्हा कोर्टच लागलं. 2008 मध्ये गर्भपाताच्या 20 आठवड्यांच्या मर्यादेविरुद्ध लढलेले मुंबईचे डॉ. निखिल दातार, विल सांभाळणारे अधिकारी नेमा म्हणून हायकोर्टात गेले. गोव्यात तर 2024 मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचंच विल केलं.

आता अडतं कुठे? दुसऱ्या मंडळात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला लागतो. त्यांची यादी आधीच तयार नसेल, तर ते 48 तास फोनाफोनीतच जाणार.