हंसातल्या त्या ताऱ्याभोवती सांगाडा नाही, धूळ आहे

गेल्या आठवड्यात नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरत होता. मला तो मावशीने पाठवला आणि आकाशदर्शनाला येणाऱ्या दोन मुलांनीही. म्हणणं असं: हंस तारकासमूहातल्या 'टॅबीच्या ताऱ्या'भोवती परग्रहवासीयांनी अवाढव्य सांगाडा उभारला, मग ते नाहीसे झाले, आता तो मोडका सांगाडा ताऱ्याचा प्रकाश अडवतो आणि नासा हे लपवते. मुलं हे खरं मानून बसली आहेत, म्हणून लिहितो.

'इतका प्रकाश कुठलाही ग्रह अडवू शकत नाही.' हे बरोबर आहे. गुरूएवढा ग्रह सूर्यासमोरून गेला तर जेमतेम १ टक्का प्रकाश कमी होईल. नासाच्या केप्लर या अंतराळ दुर्बिणीला हा तारा २०११ मध्ये सुमारे १५ टक्के आणि २०१३ मध्ये जवळजवळ २२ टक्के मंदावलेला दिसला. पण ग्रह नाही म्हणजे बांधकामच, ही उडी कशाच्या जोरावर? २०१५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ टॅबेथा बोयाजियन (टॅबी हे नाव त्यांच्यावरूनच) आणि सहकाऱ्यांनी हा तारा जगापुढे मांडला तेव्हा त्यांनी धूमकेतूंच्या तुकड्यांचा विचार केला होता. बांधकामाची शक्यता खगोलशास्त्रज्ञ जेसन राइट यांनी मांडली, तीही बाकीची सगळी स्पष्टीकरणं संपल्यावर विचारात घ्यायची म्हणून. फॉरवर्डमध्ये नेमकं हेच गाळलं आहे.

निकाल लावला तो रंगांनी. पत्र्याची शेड ऊन अडवते ती सगळ्या रंगांना सारखीच. बारीक धुळीचं तसं नसतं: ती निळा प्रकाश जास्त अडवते, तांबडा कमी. गंगापूर धरणावर मावळता सूर्य तांबडा दिसतो त्यात हवेतल्या कणांचाही हात असतो. मे ते डिसेंबर २०१७ मध्ये तारा पुन्हा चार वेळा मंदावला, तेव्हा वेगवेगळ्या रंगांत मोजमाप झालं. निळ्यात घट जास्त निघाली, तांबड्यात कमी. घन सांगाडा असता तर ती सगळीकडे सारखी भरली असती. या घटींच्या वेळचे कण एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, बारीक असावेत. इतकी बारीक धूळ ताऱ्याच्या प्रकाशाच्या दाबानेच उडून जाते, म्हणजे ती सतत नव्याने येत असली पाहिजे. कुठून येते, हे अजून ठरलेलं नाही. माझ्या मते खरी उत्कंठा इथे आहे.

पत्र्याचीच दुसरी गोष्ट: ऊन अडवणारा पत्रा तापतो आणि त्याची झळ लागते. ताऱ्याचा प्रकाश अडवणारं बांधकामही तापेल आणि ती उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत बाहेर पडेल, हे भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी १९६० मध्येच सांगितलं होतं. या ताऱ्यापाशी तशी जास्तीची उष्णता सापडली नाही. अमेरिकेतल्या ॲलन रेडिओ दुर्बिणींनी २०१५ मध्ये रेडिओ संदेशही शोधले. मिळाले नाहीत.

यावर तयार उत्तर असतं: 'अहो, ते नाहीसे झाले ना!' मला सगळ्यात जास्त हेच खटकतं. नाहीसे होणाऱ्यांचाही माग राहतो. आपल्या त्रिरश्मी डोंगरावर चढून बघा. खोदणारे कधीच गेले, मागे पांडवांचं नाव चिकटलं आणि आपण पांडवलेणी म्हणू लागलो. पण भिंती बोलत होत्या. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली आणि त्यानंतर हे लेख वाचता आले. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवलेल्या ३००० कार्षापण नाण्यांचा हिशेब आहे: २००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० शेकडा पाऊण व्याजाने. अठराव्या लेण्याच्या दर्शनी भागावर धंभिक गावाने दान दिल्याची नोंद आहे. माणसं गेली, व्याजाचा दर राहिला. त्या ताऱ्यापाशी बांधणाऱ्यांची अशी एकही खूण नाही.

शिवाय आपल्याला दिसतो तो प्रकाश सुमारे १४७० वर्षांपूर्वी निघालेला आहे. तेव्हा वेरूळचं कैलास लेणं खोदायलाही घेतलं नव्हतं. त्या प्रकाशात बांधणारे 'येऊन गेले' हे कोणी, कशावरून वाचलं?

लपवाछपवीचं तर बोलायलाच नको. तारा विचित्र आहे हे आधी लक्षात आलं ते केप्लरची माहिती तपासणाऱ्या हौशी स्वयंसेवकांच्या. पुढच्या निरीक्षणांसाठी १७०० हून जास्त लोकांनी मिळून एक लाख डॉलरवर वर्गणी दिली. केप्लरची मोजमापं कोणालाही उतरवून घेता येतात.

मुलांना मी तेच करायला लावलं. डेनेब आणि डेल्टा सिग्नी यांच्या साधारण मध्ये तो तारा कुठे येतो ते आधी नकाशावर दाखवलं. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, मध्यम आकाराची दुर्बीण लागते. मग अकरावीतल्या मुलीने २०११ चा आलेख कागदावर काढला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "दादा, ग्रह असता तर हा खड्डा दोन्ही बाजूंनी सारखा असता ना? मग हा तिरपा का?"