इम्पेलर नवीनच होता दादा, तुमच्या एक स्टारला उत्तर

दादा नमस्कार, तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की बोटीच्या मागे लावायच्या आउटबोर्ड मशीनच्या इम्पेलरचे (इंजिन थंड करायचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी पाकळ्यांचं चाक) पैसे घेतले पण बदललाच नाही, घरी नळाला लावून दहा मिनिटं मशीन चालवलं तेव्हा इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार झकास होती आणि दुसऱ्या दिवशी बोट पाण्यात घातली तर धार बंद, अलार्म सुरू, दुसऱ्या बोटीला बांधून परत यावं लागलं. वैताग येणारच, त्यावर काही म्हणणं नाही.

पण इम्पेलर बदलला होता. मशीन परत आणलंत तेव्हा लोअर युनिट, म्हणजे पंप आणि प्रोपेलर असलेला खालचा भाग, मीच उतरवलं. पाकळ्यांची टोकं वितळून चकचकीत झालेली, जळक्या रबराचा वास, आणि एक पाकळी गायब, ती वर थर्मोस्टॅटपाशी अडकलेली सापडली. जुना इम्पेलर असा दिसत नाही, त्याच्या पाकळ्या एकाच बाजूला वाकून कडक होतात, चिरा पडतात. हा कोरडा फिरून जळलाय.

आता तुम्ही म्हणाल कोरडा कसा, धार तर येत होती ना? घोळ तिथेच आहे. नळी तुम्ही फ्लशिंगच्या तोंडाला लावली होतीत, फोनवर तुम्हीच सांगितलंत. ते तोंड मशीन बंद ठेवून मीठ धुवायला असतं, तिथलं पाणी थेट वर इंजिनात जातं, खाली पंपाला मिळत नाही. म्हणजे तुम्ही बघितलीत ती धार नळाच्या प्रेशरची होती, आणि पंप बिचारा खाली सुका फिरत होता, त्या रबराला पाणी हेच वंगण, सुकं फिरलं की काही सेकंदांत घासायला लागतं, तुम्ही तर दहा मिनिटं चालवलंत. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्येही तिथे नळी लावून मशीन चालू करू नका असंच लिहिलंय.

जमिनीवर चालवायचंच असेल तर पाणी आत ओढायच्या खालच्या जाळ्यांवर रबरी मफ (नळी जोडायच्या रबरी वाट्या) लावा, आधी नळ सोडा मग स्टार्टर, प्रोपेलर काढलेला, न्यूट्रल, आणि फक्त आयडलवर, रेस करायचा नाही. मफ सरकतात, त्यामुळे तिथून हलू नका. तरी मफवरच्या धारेवरून पंप पास धरू नका, त्यातही नळाचा जोर असतोच. आम्ही म्हणून पिंपात चालवतो, पाणी पंपाच्या वर येईल इतकं भरून, म्हणजे पंपाला स्वतःच पाणी ओढावं लागतं. तुमचं पण तसंच चालवून दिलं होतं.

चूक आमची एवढीच, आणि ती छोटी नाही, की मशीन ताब्यात देताना आमच्या पोराने यातलं काहीच सांगितलं नाही आणि वर फोनवर "तुम्हीच काहीतरी केलं असेल" असं तोडून बोलला. खरं निघालं तरी बोलायची ती पद्धत नाही, माफ करा. आता प्रत्येक मशीनच्या त्या तोंडाला टॅग बांधून देतोय.

अलार्म वाजल्याबरोबर बंद केलंत म्हणून इंजिन वाचलं, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजलं, सगळे सिलिंडर सारखे आहेत. इम्पेलर ज्यात फिरतो त्या पंपाच्या कपाला मात्र चरे पडलेत, तो बदलावा लागेल. पार्टचे पैसे घेईन, मजुरी नाही. जळका इम्पेलर आणि ती पाकळी डबीत ठेवलीय, येऊन बघा. स्टार किती द्यायचे ते तुमचं तुम्ही ठरवा, फक्त "बदललाच नाही" हे वाक्य तेवढं काढा.