वजन नका विचारू, दात विचारा

दुकानात रोड बाईक, म्हणजे बारीक टायरची, वाकड्या हँडलची वेगाची सायकल बघायला आलेला माणूस पहिल्यांदा काय करतो? वरच्या नळीखाली दोन बोटं घालून सायकल उचलतो. मग भुवया उंचावून विचारतो, "किती किलो?" मीही तेच केलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, साडेदहा किलो," आणि मी जणू त्यातलं कळत असल्यासारखी मान डोलावली.

वय 44, उंची पाच फूट दोन, वजन 58, नोकरी शाळेत. सातवीत असताना बाबांच्या मोठ्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून शिकले होते, तेवढीच पुंजी. सातारकरांनो, तेव्हा मला कुणीतरी सांगायला हवं होतं ते आज मी सांगते. आपल्या गावात पहिली रोड बाईक घ्यायची असेल तर वजन विचारू नका. मागच्या चाकाला चेन ज्यांवर फिरते त्या चकत्यांपैकी सगळ्यात मोठीला किती दात आहेत ते विचारा.

हिशोब करून बघा. मी, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून साधारण 70 किलो. पंचवीस-तीस हजार जास्त घालून सायकल एक किलोने हलकी केली, तर एकूण वजनात दीड टक्क्याहून कमी फरक पडतो. एखादा चढ चढायला मला 50 मिनिटं लागत असतील, तर तेवढ्याने पाऊण मिनिट वाचेल. तेवढा वेळ मी वाटेत माकडं बघण्यात घालवते. आणि ज्यांचं पोट यावर चालतं त्या शर्यतवाल्यांनाही 6.8 किलोपेक्षा हलकी सायकल चालत नाही, 2000 सालापासून तसा नियमच आहे.

आता दातांचं बघा. मागच्या चकतीला जितके दात जास्त, तितका चढ सोपा. माझ्या सायकलला पुढे दोन चकत्या, 50 आणि 34 दातांच्या. मागे 8, त्यातली सगळ्यात मोठी 28 दातांची. म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरलासुद्धा पायडलचा एक फेरा मारला की सायकल 2.6 मीटर पुढे गेली पाहिजे. कोरेगाव रस्त्याला, संगम माहुलीच्या पुढे, हे काही जाणवत नाही. तिथे मी स्वतःला फार शहाणी समजत होते. मग एका रविवारी यवतेश्वरचा घाट धरला.

समर्थ मंदिर मागे पडलं आणि थोड्या वेळात माझ्याकडचे गिअर संपले. लिव्हर दाबतेय, ती नुसतीच कट कट करतेय, पुढे काही नाही. ताशी आठ किलोमीटरला पाय मिनिटाला जेमतेम पन्नास फेरे मारत होते, आणि तेही गुडघ्यात कुणी स्क्रू पिळावा तसे. उतरले, ढकलायला लागले. फिरायला आलेले एक आजोबा मागून आले, माझ्या बरोबरीने चार पावलं चालले आणि पुढे निघून जाताना म्हणाले, "ताई, विकायची हाय का?"

मग मागची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा अख्खा संच बदलला, सगळ्यात मोठी 34 दातांची असलेला घेतला. तेवढ्याने भागलं नाही. चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या आधीच्या डिरेलरला एवढी मोठी चकती झेपत नव्हती, म्हणून लांब पिंजऱ्याचा डिरेलर आणि मग लांब चेन. घेतानाच विचारलं असतं तर हा खर्च वाचला असता. आता पुढे 34, मागे 34. पायडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा, 2.1 मीटर. त्याच ताशी आठला पाय आता बासष्ट फेरे मारतात. घाट तेवढाच चढायचा असतो, फक्त ओझं गुडघ्यावरून काढून फुफ्फुसावर टाकलं. तिसऱ्या रविवारी न उतरता वर पोहोचले. "मोठी चकती म्हणजे नवशिक्यांचं काम" असं काही जण म्हणतात. म्हणू देत. त्यांनी सकाळी सपाट रस्त्याला जावं. आमच्याकडे काय आहे ते बघा: एका बाजूला कास, दुसऱ्या बाजूला सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या. या गावात बसून कुठेही वर जायचं म्हटलं तर घाट आहेच.

मापाबद्दलही सांगते, कारण यात मी थोडक्यात वाचले. पुण्यातल्या एका दुकानात 52 सेंटिमीटरची फ्रेम शिल्लक होती. "सीट खाली केली की झालं," असं मला दोनदा सांगितलं. सीट खाली होते हो, पण हँडल जवळ येत नाही! सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर फ्रेम ठरवते, आणि मोठ्या फ्रेमवर बसले की मी धुणं वाळत घालायला दोरीपर्यंत ओणवी झाल्यासारखी दिसत होते. दुसरीकडे तीन आठवडे थांबून 48 ची घेतली. तरीही पहिल्या महिन्यात करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायचं, फळ्यावर लिहिताना खडू सुटायचा. तळहाताच्या त्या कडेने नस जाते आणि पुढे झुकल्यावर सगळा भार तिच्यावर पडतो. हँडल धरणारा आडवा तुकडा, त्याला स्टेम म्हणतात, 100 मिलिमीटरचा काढून 80 चा बसवला. पंधरा दिवसांत बोटं जागी झाली.

आता ब्रेक. हा मुद्दा मला कुणीच सांगितला नव्हता आणि यानेच मी सगळ्यात जास्त घाबरले. या सायकलचं हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं असतं. आपण वरच्या रबरी खुंट्यांवर हात ठेवून आरामात बसतो आणि तिथूनच ब्रेक दाबतो. चढताना ठीक. पण यवतेश्वरवरून उतरताना वळण आलं, समोरून जीप आली, मी सगळी ताकद लावून दाबलं आणि सायकल हळू व्हायला तयारच नाही. बोटांत जोर कमी म्हणून नव्हे. लिव्हर जिथे फिरते त्या खिळीजवळ दाबलं तर जोर कमी पोहोचतो, टोकाला दाबलं तर जास्त. दार बिजागरीजवळ ढकलून बघा, कळेल. म्हणजे उतारावर हात खालच्या वळणात हवेत. माझी बोटं तिथून लिव्हरपर्यंत पोहोचतच नव्हती. त्यासाठी लिव्हरमध्ये एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर जवळ येते. दोन मिनिटांचं काम. लहान हाताच्या प्रत्येक बाईने ही दोन मिनिटं सायकल घरी नेण्याआधी दुकानातच घ्यावीत, आणि दुकानदाराला उभं करून घ्यावीत.

टायर. सायकलबरोबर 25 मिलिमीटरचे आले होते आणि हवा ठासून भरून दिली होती, "कडक टायर म्हणजे स्पीड" म्हणून. मेढ्याच्या रस्त्याला दात वाजले माझे, गिअरचे नाही, तोंडातले. टायर दगडासारखा कडक असला की खडबडीत रस्त्यावर तो खड्ड्यावर दबत नाही, तर आपल्याला उडवतो, आणि त्या हादऱ्यांत आपलीच शक्ती जाते. मोठे शर्यतवालेही आता 28 आणि त्याहून रुंद टायर वापरतात. मी 28 चे बसवले. माझ्या वजनाला हवा पुढे 65, मागे 70 पीएसआय. घाट तोच, रस्ता तोच, पण कंबर माझीच आहे असं वाटायला लागलं. थंडीत उसाच्या जोड ट्रॉल्या सुरू झाल्या की रस्त्यावर कांडी पडलेली असतात, तेव्हा या तीन मिलिमीटरचं मोल कळतं.

कपड्यांचं लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितेच. गादीची चड्डी घ्या, आणि तिच्या आत काही घालू नका, नाहीतर शिवणी टोचून सोलवटून निघाल. पहिले दोन महिने मी वरून ढगळ ट्रॅकपँट घालायची. एकदा तिचा घोळ चेनमध्ये गेला, तिथेच ती संपली. सोसायटीत काय बोलायचं ते बोलून झालं. आठवडाभर. मग पाण्याच्या टाकीचा विषय निघाला.

शूज पायडलला अडकवायच्या क्लीट्स मी सहा महिने लांब ठेवल्या, तुम्हीही ठेवा. पोवई नाक्यावर सिग्नलला पाय न सुटता आडवं पडणं कधीतरी होणारच आहे, घाई कशाला.

घरी पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, एवढ्यात जुनी स्कूटी आली असती की गं. आणि हिला स्टँड पण दिला नाही त्यांनी?" शाळेतल्या पोरांचाही पहिला प्रश्न तोच, "बाई, स्टँड कुठंय?" स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही. पन्नास हजार देऊन भिंतीला टेकवायची सायकल.

आणि पंक्चर. एकदा मागचं चाक बसलं, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे गेले. त्यांनी चाक फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, याला हवा कुठनं मारायची?" या सायकलचा व्हॉल्व्ह वेगळा, त्याला प्रेस्टा म्हणतात: बारीक, लांब, वरची घुंडी आधी सैल करावी लागते, आणि त्यांच्या पंपाचं तोंड त्यावर बसत नाही. त्यासाठी एक बोटभरही नसलेली पितळी टोपी मिळते, ती व्हॉल्व्हवर फिरवली की त्यांचा पंप चालतो. मी दोन आणल्या होत्या, एक त्यांना दिली. त्यांनी ती दोऱ्यात ओवून कॉम्प्रेसरच्या वर खिळ्याला टांगली. गेल्या रविवारी तिथून जाताना बघितलं, एक कॉलेजचा पोरगा तसलीच सायकल घेऊन उभा होता आणि काका त्याला सांगत होते, "थांब, घुंडी आधी ढिली करायची असती."