निपाणीकरांना उत्तर: बोर्डाची मागची बाजू आणि माझी चूक

नमस्कार निपाणीकर,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा उठून माळ्यावरून माझ्याच बोर्डाचं खोकं काढलं. तिसऱ्यांदा कळलं की दोन ओळींत भागणार नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: घरच्या थिएटरच्या कॉम्प्युटरला मदरबोर्ड कुठला घ्यावा, यावरच्या लेखात मी एच४१० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड आणि इंटेलचा दहाव्या पिढीचा आय३-१०१०० प्रोसेसर सुचवला होता. निपाणीकरांनी कोल्हापूरला जाऊन तोच संच आणला, नव्या ४के टीव्हीला जोडला, आणि पडद्यावर माउस चिखलातून चालल्यासारखा चालायला लागला. त्यांचं म्हणणं असं, की बोर्ड चुकीचा सुचवला. त्याहून लहान, मिनी-आयटीएक्स सांगायला हवा होता. लाईट परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होऊ देऊ नका हा सल्ला उलटा आहे. आणि टीव्हीला खोचायच्या काडीत (म्हणजे स्ट्रीमिंग स्टिकमध्ये) सगळं होतं तर हा खटाटोप कशाला.

पहिला मुद्दा तुमचा, निर्विवाद. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत दहाव्या पिढीपर्यंत आतल्या ग्राफिक्सचं एचडीएमआय हे १.४ आहे, म्हणजे २००९ सालचं. ते ४के चित्र नेतं, पण सेकंदाला ३० फ्रेमच. ६० साठी २०१३ सालचं २.० लागतं, आणि या पिढीत ते हवं तर बोर्ड बनवणाऱ्याला रूपांतराची वेगळी चिप बसवावी लागते. स्वस्त बोर्डात ती कोण बसवतो? मला हे लक्षात आलं नाही, कारण आमच्या हॉलमधला टीव्ही फुल एचडी आहे. १०८० ला ६० आरामात मिळतात. खोक्यावर ४के लिहिलेलं वाचलं आणि पुढं गेलो. मॅन्युअलच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात ‘४०९६ × २१६० @ ३० हर्ट्झ’ छापलंय, म्हणजे सेकंदाला ३० च फ्रेम. लेख लिहिण्याआधी ती ओळ वाचायला हवी होती. मूळ लेखात दुरुस्ती टाकली आहे: ४के टीव्ही असेल तर अकराव्या पिढीपासून पुढचा संच घ्या, आणि तरीही मॅन्युअलमधली ही ओळ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता पैसे गेलेत, तर काय करायचं. आधी फुकटातला उपाय. विंडोज १०८०, ६० हर्ट्झवर ठेवा, मेनू आणि माउस लगेच मोकळे होतील. मग कोडीमध्ये, म्हणजे सिनेमे चालवायच्या प्रोग्रामात, प्लेयरच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ चालू करा आणि सिस्टिमच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या व्हाइटलिस्टमध्ये १०८० चे आणि ४के २४ चे पर्याय टिकमार्क करा. बहुतेक चित्रपट २४ फ्रेमचेच असतात, त्यामुळे ४के फाइल लावली की कोडी स्वतः टीव्ही ४के २४ वर नेतो, आणि तेवढं १.४ ला झेपतं. राहिलं क्रिकेट, ते १०८० लाच बघावं लागेल. एवढ्यानं समाधान नसेल तर बोर्डामागे डिस्प्लेपोर्ट (चित्राचं दुसरं पोर्ट) आहे का बघा. असेल तर ‘अ‍ॅक्टिव्ह’ लिहिलेला डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय २.० कन्व्हर्टर घ्या. साधा स्वस्तातला पुन्हा ३० वरच अडकवतो. फक्त व्हीजीए आणि एचडीएमआय असेल, तर बिनपंख्याचं जीटी १०३० ग्राफिक्स कार्ड.

आणि इथंच मिनी-आयटीएक्सवर माझं तुमच्याशी जमत नाही. १७ सेंटिमीटरचा चौकोनी बोर्ड दिसायला गोंडस, शोकेसमध्ये मावतो, सगळं खरं. पण त्यावर कार्डाला खाच एकच.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. वळवाचा पहिला पाऊस, आमच्या बेळगावात अनगोळच्या बाजूला आभाळ काळंकुट्ट, आणि मी प्लग काढला म्हणून निवांत. इंटरनेटची वायर मात्र गच्चीवरून येते, ती तशीच राहिली. एक कडाडली, लाईट गेली. तासाभरानं मशीन सुरू केलं तर बाकी सगळं ठीक, पण लॅन पोर्टचा दिवा मेलेला. जवळ नाक नेलं तर जळकट वास, आणि पोर्टातल्या आठ पिनांपैकी दोन काळ्या. बोर्ड वाचला होता. मोठ्या बोर्डावर दुसरी खाच रिकामी होती, लॅनचं साधं कार्ड बसवलं, संध्याकाळी घरचे सिनेमा बघत होते. मिनी असता तर पुढंमागं जीटी १०३० घालायला जागा उरली नसती. आणि बोर्डच गेला असता तर? मिनी बोर्ड मी बेळगावात तीन दुकानांत विचारला. दोघांनी ‘मागवून देतो की’ म्हटलं, तिसरे म्हणाले, ‘नाळे बर्री,’ म्हणजे उद्या या. ते उद्या अजून उजाडायचं आहे. मायक्रो-एटीएक्स मात्र त्यांच्या फळीवर पडून असतो.

लाईटचा मुद्दा. बायोसमधला, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमधला, ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ तुम्ही ऑन ठेवता, म्हणजे लाईट आली की मशीन आपोआप सुरू. तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल तर खुशाल ठेवा. पण पावसाळ्यात आमच्याकडे लाईट एकदा जाऊन एकदा येत नाही. जाते, येते, दोन मिनिटांत पुन्हा जाते. ऑन असेल तर दर वेळी मशीन उठायला बघतं आणि अर्ध्यात पडतं, हार्डडिस्क फिरायला लागते न लागते तोच. म्हणून मी ऑफच ठेवतो. आईला बटण दाबायला सांगितलंय, तेवढं ती करते.

काडीबद्दल तुम्ही बरोबर आहात, पण अर्धेच. ओटीटीसाठी काडीच चांगली. कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये त्या कंपन्या अनेकदा कमी दर्जाचं चित्र देतात, मीही त्यासाठी काडीच वापरतो. पण माझ्याकडे बहिणीच्या लग्नाच्या तीन व्हीएचएस कॅसेटी आहेत, उतरवून घेतलेल्या. गल्लीतल्या गणपतीची वीसेक वर्षांची चित्रणं आहेत, वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची, वेगवेगळ्या फॉरमॅटची. काडीवर त्यातलं निम्मं चालत नाही, आणि जुन्या कॅसेटीतल्या आडव्या रेघा कॉम्प्युटरच नीट मिटवतो. वडिलांचा जुना ५.१ अ‍ॅम्प्लिफायर एचडीएमआयच्या आधीचा, त्याला ऑप्टिकल वायर लागते. डॉल्बी डिजिटल त्यातून जातं, त्याहून वरच्या दर्जाचा ट्रूएचडी आवाज जात नाही, पण या घरात ती तक्रार कुणी केलेली नाही. तुम्ही फक्त ओटीटी बघत असाल, तर तुम्ही हा संच घ्यायलाच नको होता, आणि हे मी लेखाच्या पहिल्या परिच्छेदात लिहायला हवं होतं.

माझ्याकडे एक अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर पडून आहे. तुमच्या बोर्डाला डिस्प्लेपोर्ट आहे का तेवढं खाली कळवा. पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला जाणं आहे, निपाणी वाटेवरच. लावून बघू, चालला तर ठेवून घ्या.